विषय : काही नाही

माझा एक मित्र न्यू जर्सीला राहतो आणि मी वैशाखऱ्याला. न्यू जर्सी कुठं आलं असं तुम्ही विचारणार नाही, वैशाखरे कुठं आलं असं मात्र नक्की विचाराल. म्हणून आधीच सांगून टाकतो. कल्याणला एस.टी.त बसावं. मुरबाड गेलं, टोकावडे गेलं, आणि समोरचा सह्याद्री आता मांडीवर येऊन बसतो की काय असं वाटायला लागलं, की उतरावं. शनिवार-रविवारी पाठीला पिशव्या लावलेली मुंबईची पोरं इथं उतरतात आणि नाणेघाटाची वाट विचारतात. ती वाट मी आणि माझ्या या मित्रानं लहानपणी अनवाणी तुडवलेली आहे. पुढं तो इंजिनिअर होऊन अमेरिकेला गेला आणि मी एका बँकेत कारकून होऊन कल्याणला गेलो. निवृत्त झाल्यावर मी गावच्या घरी परत आलो. तो अजून यायचा आहे.

आम्ही एकमेकांना ई-मेल लिहितो. इंग्रजीत.

परवा नात सुट्टीला आली होती. पाठवण्यापूर्वी स्पेलिंगं बघ म्हणून मी तिला माझी ई-मेल वाचायला दिली. तिनं ती शांतपणे वाचली आणि विचारलं, "आजोबा, हे तुमचे मित्र आहेत की तुमच्या बँकेचे कर्जदार?"

त्या ई-मेलची सुरुवात अशी होती : "डिअर फ्रेंड, आय होप धिस ईमेल फाइंड्स यू वेल. आय ॲम फाइन हिअर अँड होप द सेम फ्रॉम यू. धिस इज टू इन्फॉर्म यू दॅट द मॉन्सून हॅज अराइव्ह्ड." आता पाऊस आला हे कळवायला 'धिस इज टू इन्फॉर्म यू' कशाला, हे मलाही सांगता येईना. जणू पावसाचा अर्ज मंजूर झाला होता आणि मी तो पुढील कार्यवाहीसाठी न्यू जर्सीला पाठवत होतो.

आपल्याकडे कादंबरीवर टीका होते, कवितेवर होते, नाटकावर तर पडदा पडायच्या आत होते. मित्राला लिहिलेल्या इंग्रजी ई-मेलवर मात्र कोणी टीका केल्याचं माझ्या वाचनात नाही. म्हणून ते काम मी अंगावर घ्यायचं ठरवलं. टीकेसाठी ई-मेल माझीच घेतली आहे. दुसऱ्याची वाचणं सभ्यपणाचं नाही, आणि या लेखकाशी माझे संबंध चांगले असल्यामुळे तो उलट उत्तर देण्याची भीती नाही.

पहिला प्रश्न, इंग्रजीतच का? आम्ही दोघे एकाच ओढ्यात डुंबलो, मराठीत भांडलो, आणि मराठीतच एकमेकांच्या तक्रारी मास्तरांकडे केल्या. तो अमेरिकेत गेल्यावर पहिली काही वर्षं आमची पत्रंही मराठीतच होती. घोटाळा ई-मेल आल्यावर झाला. आपल्या देशात इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुलं झालं ते १५ ऑगस्ट १९९५ ला. त्या काळी संगणकावर मराठी लिहिता येत असे, पण ते आपल्याच संगणकावर वाचता येत असे. प्रत्येकाचा फाँट निराळा. मी 'प्रिय मित्रास' लिहावं आणि त्याच्या पडद्यावर चौकोन, टोपी घातलेले इंग्रजी 'ए' आणि उलटी प्रश्नचिन्हं उमटावीत. 'युनिकोड'मध्ये देवनागरी १९९१ पासून होती खरी, पण ती घराघरांतल्या संगणकांवर सुखानं नांदायला २००० साल उलटावं लागलं. तोवर आमच्या बोटांना इंग्रजीची सवय लागली होती. अडचण गेली, सवय राहिली. पुष्कळ संसारांचं असंच असतं.

मधला मार्ग म्हणून रोमन अक्षरांत मराठी लिहून पाहिलं. पण त्या अक्षरांत 'दळण' आणि 'दालन' एकच. मी "दळण आणायला गेलो होतो" असं लिहिलं, तर यानं "कसलं दालन? बंगला बांधतोयस की काय?" असं विचारलं. शिवाय मी बँकेतला माणूस. रोमन लिपीत मराठी म्हणजे धोतरावर टाय, असं माझं तेव्हा प्रामाणिक मत होतं. आम्ही निमूटपणे इंग्रजीवर आलो.

आणि आमचं इंग्रजी ते कुठलं! ज्या भाषेत आपल्याला कोणी जेवायला हाक मारली नाही, कोणी थोबाडीत देताना दोन शब्द ऐकवले नाहीत, अशी ती भाषा. आमच्यात ती दोन दारांनी आली. एक दार शाळेचं. परीक्षेत पत्र असे : 'तुमच्या मित्राने वाढदिवसाला घड्याळ भेट दिल्याबद्दल त्याचे आभार माना.' वैशाखऱ्यात त्या काळी कोणाचा वाढदिवस होत नसे, घड्याळ कोणाकडे नसे, आणि खरं नाव लिहिलं तर परीक्षक ओळखेल म्हणून खाली सही करायची 'ए. बी. सी.' म्हणजे इंग्रजीत मित्राला लिहिलेलं माझं पहिलं पत्र न झालेल्या वाढदिवसाला न मिळालेल्या घड्याळाबद्दल एका नसलेल्या माणसानं लिहिलेलं होतं. दुसरं दार ऑफिसचं. तिथं 'विथ रेफरन्स टू युवर लेटर', 'काइंडली डू द नीडफुल' आणि 'थँकिंग यू इन ॲंटिसिपेशन'. एवढ्या भांडवलावर आम्ही मैत्री करायला निघालो.

गावात इंग्रजी यायचं ते एरवी तारेतून. तारवाला दिसला की तार वाचायच्या आत बायका रडायला लागत, कारण 'मदर सीरियस, स्टार्ट इमिजिएटली' याखेरीज इंग्रजीला आमच्याकडे दुसरं काम नव्हतं. जुलै २०१३ मध्ये तारखातं बंद झालं. पण त्याच्या इंग्रजीतली पोटात गोळा आणण्याची शक्ती ई-मेलमध्ये शाबूत राहिली.

असो. आता मूळ साहित्यकृतीकडे वळू.

ई-मेल लिहायला बसलं की ती पहिल्यांदा विचारते, विषय काय? टीकाकार म्हणून माझा पहिला आक्षेप इथंच आहे. विषय असतो तो अर्जाला. 'विषय : किरकोळ रजेबाबत.' मित्राच्या पत्राला विषय नसतो; विषय असेल तर उसने पैसे हवे आहेत असं समजावं. पण चौकट रिकामी सोडली तर यंत्र पुन्हा विचारतं, विषय न घालता खरंच पाठवायचं का? दोनदा विचारल्यावर माणूस शरमतो. मग मी लिहितो : 'विषय : जनरल.' माझ्या चाळीस वर्षांच्या मैत्रीचा सारांश 'जनरल' असा निघावा!

खरं म्हणजे ई-मेलचा जन्मच विषयावाचून झालेला आहे. १९७१ साली रे टॉमलिन्सन या अमेरिकन इंजिनिअरनं एका संगणकावरून शेजारच्या दुसऱ्या संगणकाला पहिली ई-मेल पाठवली. नाव आणि पत्ता यांच्यामध्ये आपण जे वेटोळं काढतो तेही त्याचंच. त्या पहिल्या पत्रात काय लिहिलं होतं, असं पुढं लोकांनी विचारलं, तर त्याला आठवेना. कळफलकावरची वरच्या ओळीतली अक्षरं असतील, असं तो सांगे. म्हणजे पहिली ई-मेल निव्वळ 'काय रे, ऐकू येतंय का?' एवढ्यासाठी होती. मित्राला लिहिण्याचं याहून चांगलं कारण मला ठाऊक नाही.

विषयानंतर मायना. इंग्रजी इथं फार उदार. बापाला 'डिअर', बायकोला 'डिअर', आयकर अधिकाऱ्यालाही 'डिअर सर'. आपल्याकडे कोणाला काय लिहावं याचे नियम थेट यादवकाळच्या हेमाडपंतांच्या नावावर सांगतात. त्याला 'मेस्तक' म्हणत. वडिलांना 'तीर्थरूप', धाकट्याला 'चिरंजीव', व्याह्यांना आणखी निराळं. या मायन्यानं एका योग्याला कसं अडवलं ते तुम्हाला ठाऊक आहेच. चांगदेवांना ज्ञानेश्वरांना पत्र लिहायचं होतं. 'चिरंजीव' लिहावं तर समोरचा ज्ञानानं मोठा. 'तीर्थरूप' लिहावं तर वयानं अगदीच पोर. कथेप्रमाणे चांगदेवांचं वय तेव्हा चौदाशे वर्षांचं. शेवटी त्यांनी कोरा कागदच पाठवला. मुक्ताबाईनं त्या कोरेपणाची थट्टा केली, आणि ज्ञानेश्वरांनी उत्तरादाखल पासष्ट ओव्या लिहिल्या. चांगदेवांना इंग्रजी येत असतं तर त्यांनी 'डिअर ज्ञानेश्वर' असं लिहून टाकलं असतं, उत्तर 'थँक्स फॉर युवर मेल' असं आलं असतं, आणि मराठी भाषा 'चांगदेव पासष्टी'ला मुकली असती. मायन्याशी अडणं म्हणजे समोरचा आपला कोण लागतो, याचा विचार करणं. 'डिअर' तो विचार करूच देत नाही.

इथपर्यंत लिहून मी नातीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "पण आजोबा, तुमची मराठी पत्रं तरी कुठं मोकळी होती? ट्रंकेत पणजोबांची आहेत ती मी पाहिलीत. सगळ्यांत सुरुवात एकच."

टीकाकारानं घरच्यांना लेख वाचून दाखवू नये. पण ट्रंक उघडली, आणि पोरीचं खरं निघालं. प्रत्येक पत्र 'अनेक आशीर्वाद'नं सुरू, 'इकडील सर्व क्षेम, तिकडील क्षेम कळवावे' असं पुढं, आणि 'कळावे, लोभ असावा' असं शेवटी. मधे भाताचा भाव. पण नीट पाहिल्यावर दोन गोष्टी ध्यानात आल्या.

एक म्हणजे या पत्रांचा जिव्हाळा मजकुरात नव्हताच. तो कडेला होता. कार्ड भरलं की वडील ते आडवं धरत आणि समासात लिहीत. तिथंही जागा संपली की पत्त्याच्या बाजूला, मुंगीएवढ्या अक्षरांत. 'ता. क. गाय व्याली.' 'ता. क. तुझ्या आईला तुझे स्वप्न पडले.' मधला मजकूर जगासाठी, कारण कार्ड पोस्टमनपासून सगळे वाचत. मनातलं समासात. ई-मेलला जागा संपत नाही. म्हणून समास नाही. म्हणून आईचं स्वप्नही नाही.

दुसरी गोष्ट कळल्यावर मात्र मी चष्मा काढून बसलो. 'आय ॲम फाइन हिअर अँड होप द सेम फ्रॉम यू' या वाक्याला नात सगळ्यांत जास्त हसली होती. कुठला साहेब असं लिहीत नाही, असं तिचं म्हणणं. बरोबर आहे, कारण ते साहेबाचं नव्हतंच! 'इकडील सर्व क्षेम, तिकडील क्षेम कळवावे' हे माझ्या वडिलांचं वाक्य, बूट घालून न्यू जर्सीला निघालेलं. अख्ख्या ई-मेलमध्ये व्याकरणाला न मानवणारं एकच वाक्य होतं, आणि मित्राला लिहिलेलं असं तेवढंच. बाकीचं निर्दोष आणि निर्जीव. 'होप धिस ईमेल फाइंड्स यू वेल' यात नाव ठेवायला जागा नाही. पण ते वाचून मित्र कर्ज बुडवून दडून बसला आहे आणि ई-मेल त्याचा माग काढत फिरते आहे, असं वाटतं.

मुंबईचे कवी निस्सीम इझिकेल यांनी आपल्या या देशी इंग्रजीत कविता लिहिल्या आणि लोक त्यांना पोट धरधरून हसले. मीही हसलो होतो. आता वाटतं, ज्या वाक्यांना आपण हसतो त्यांच्यात कोणाचे तरी वडील बसलेले असतात.

म्हणजे इंग्रजीत जिव्हाळा येतच नाही, असा निकाल द्यायचा का? मी देणार होतो. पण आमच्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, कल्याणला, एक घर आडवं आलं. डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचं माहेर कल्याणचं. त्यांचे यजमान गोपाळराव पोस्टात नोकरीला. पत्रांची आवड घरातच म्हणा ना. गोपाळरावांनी बायकोच्या शिक्षणासाठी एका मिशनऱ्याशी केलेला पत्रव्यवहार अमेरिकेतल्या मिशनच्या मासिकात छापून आला, आणि न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी तो दाताच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघताना वाचला. ही १८८० ची गोष्ट. बाईंनी पत्र लिहिलं. इकडून उत्तर गेलं ते इंग्रजीत, आणि लिहिणारी मुलगी जेमतेम पंधरा वर्षांची. एकमेकींना न पाहता दोघींची पत्रं वर्षानुवर्षं चालली. १८८३ मध्ये आनंदीबाई बोटीनं अमेरिकेला गेल्या त्या याच घरी. मार्च १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या, परत आल्या, आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये, बावीस वर्षंही पुरी झाली नसताना, गेल्या. त्यांच्या अस्थी पुढं कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आल्या. घरच्या स्मशानभूमीत त्यांनी त्यांना जागा दिली.

आता यातली मायन्याची गोष्ट पाहा. आनंदीबाईंना 'डिअर मिसेस कार्पेंटर' पुरेना. त्यांनी बाईंना मावशी करून टाकलं. इंग्रजी भाषेला न विचारता तिच्यात एक नातं घुसवलं. इंग्रजी काही मोडलं नाही. उलट सुधारलंच म्हणायचं. पंधरा वर्षांच्या मुलीला जे सुचलं ते बँकेत छत्तीस वर्षं पत्रव्यवहार करून मला सुचलं नाही. 'डिअर फ्रेंड'! शाळेत आम्ही त्याला 'बाब्या' म्हणत असू. तो शब्द मी इंग्रजीत आणला नाही, कारण तो शब्दकोशात नाही.

इथवर हसण्यावारी नेलं. पण खरी गोष्ट सांगितल्याशिवाय ही टीका पुरी होत नाही.

दोन वर्षांपूर्वी बाब्याची ई-मेल आली. विषय : 'सॅड न्यूज'. त्याची बायको गेली होती. चार ओळी. 'आय रिग्रेट टू इन्फॉर्म यू' अशी सुरुवात. तारेसारखाच पोटात गोळा आला. मी उत्तर लिहायला बसलो, आणि हात आपोआप बँकेतल्या फायलीत गेला. 'प्लीज ॲक्सेप्ट माय हार्टफेल्ट कंडोलन्सेस. मे गॉड गिव्ह यू स्ट्रेंग्थ टू बेअर धिस इररिपेअरेबल लॉस.' खातेदार वारला की त्याच्या वारसाला आम्ही हेच लिहीत असू. खाली नॉमिनीचा फॉर्म जोडायचा, एवढाच फरक. एकही चूक नव्हती. पाठवून दिलं. तिच्या हातची घावनं मी खाल्ली होती. त्यांच्या लग्नात अंतरपाट मी धरला होता. यातलं काही त्या पत्रात नव्हतं, कारण 'घावन'ला इंग्रजी शब्द आठवेना.

त्याचं उत्तर आलं नाही. मी बसून राहिलो. काय चुकलं हे शोधायला व्याकरण उपयोगी नव्हतं.

तीन महिन्यांनी, जूनच्या अखेरीस, रात्री त्याची ई-मेल आली. विषयाची चौकट रिकामी. मायना नाही, सही नाही. रोमन अक्षरांत, म्हणजे धोतरावर टाय लावून, एकच ओळ : "तिकडे पाऊस पडला का?"

न्यू जर्सीत त्या वेळी भरदुपार असणार. घरात तो एकटा असणार. आमच्या पावसाचं त्याला काही करायचं नव्हतं. पाऊस पडला का, याचा अर्थ मला अगदी नीट कळला. आणि तो इंग्रजीत कसा विचारायचा, हे मला आजही सांगता येणार नाही.

मी बाहेर ओट्यावर आलो. पाऊस लागूनच होता. सकाळी ढग जरा उचलले आणि नानाचा अंगठा उघडा पडला. त्याच्या अंगावरून धबधबे सुटले होते. त्याच्यापलीकडं नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचा. यज्ञ किती केले, गाई-घोडे-हत्ती किती दिले, आकड्यांसकट सगळा हिशेब. यज्ञ वैदिक, पण लेख चालत्या प्राकृतात. घाटानं माल घेऊन चढणाऱ्या माणसाला थोडं थांबून वाचता यावा, असा. लहानपणी ती अक्षरं आम्हाला कळत नसत. बाब्या मोठ्यानं वाचल्याचं सोंग करी आणि त्यात माझं नाव घालून शिव्या देई.

मी मोबाईलवर डोंगराचा फोटो काढला आणि लिहायला बसलो. धोतर, टाय, सगळं विसरून रोमनमध्येच. पाऊस पडला म्हणून सांगितलं. ओढ्याला पूर आला म्हणून सांगितलं. घावनांचं लिहिलं, इंग्रजी शब्द लागलाच नाही. शेवटी 'कळावे, लोभ असावा' लिहिताना गंमत लक्षात आली. लोभाला इंग्रजीत 'अटॅचमेंट' म्हणतात, आणि ई-मेलला तीच जोडायची सोय असते. तेवढ्यावर खूश होऊन मी लिहिलं, "सोबत लोभ जोडला आहे, उघडून पाहावा," आणि पाठवून दिलं.

दहा मिनिटांत उत्तर आलं. विषय नाही.

"गाढवा, फोटो कुठाय?"

मी जोडायला विसरलो होतो. पण त्या क्षणी मला फोटोचं काही वाटलं नाही. चाळीस वर्षांनंतर आमच्या पत्रव्यवहाराला मायना सापडला होता. चांगदेवांना चौदाशे वर्षांत सापडला नाही तो.